किर्लोस्कर, अण्णासाहेब

(३१ मार्च १८४३–२ नोव्हेंबर १८८५). मराठी संगीत नाटककार आणि नाट्यशिक्षक. संपूर्ण नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे. शिक्षण धारवाड व पुणे येथे. नंतर काही काळ बेळगावात नोकरी केली. पुण्यात पाहिलेल्या पारशी नाटकामुळे त्यांना संगीत नाटकाची कल्पना सुचली. कालिदासाच्या मूळ कृतीवरून त्यांनी रचलेल्या *संगीत शाकुंतल*चा पहिला प्रयोग पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. पूर्वी सूत्रधाराकडे असलेले गाणे त्यांनी पात्रांच्या तोंडी दिले. साकी, दिंडी, लावणी यांबरोबर कर्नाटकी चालीही पदांत आणल्या. *संगीत सौभद्र* (१८८२) अतिशय लोकप्रिय ठरले. त्यातील सुभद्रेच्या भूमिकेने भाऊराव कोल्हटकर गाजले. *रामराज्यवियोग* अपूर्ण राहिले. गुर्लहोसूर येथेच त्यांचे निधन झाले.