ड्रिल, ग्राइंडर, पक्कड घ्यायचीय? विचुंब्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवरच काय तपासायचं?

फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिल्याच आठवड्यात भिंतीला भोकं पाडायची वेळ येते. पडद्याचे रॉड, टीव्हीचं स्टँड, गिझर, देव्हारा. पनवेलजवळच्या विचुंब्यात तर हे रोजचंच चित्र आहे. गाढी नदीजवळचं, नवीन पनवेलला लागून असलेलं हे गाव. २०१३ मध्ये राज्य सरकारने नवी मुंबई विमानतळाच्या परिसरातल्या गावांसाठी 'नैना' क्षेत्र जाहीर केलं आणि सिडकोला तिथलं नियोजन प्राधिकरण नेमलं. विचुंबे त्याच क्षेत्रात येतं. गावठाणाभोवती इमारती उभ्या राहिल्या आणि इमारती आल्या की मागोमाग हार्डवेअरची दुकानंही येतात. एका बाजूला रंगाचे डबे, दुसऱ्या बाजूला पाइप आणि मधल्या फळीवर ड्रिल मशीनचे खोके.

या दुकानात दोन प्रकारचं गिऱ्हाईक येतं. एकाला वर्षातून चार भोकं पाडायची असतात. दुसरा सुतार, फॅब्रिकेटर किंवा प्लंबर असतो आणि मशीन बंद पडलं की त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. दोघांनाही दुकानदार बऱ्याचदा एकच प्रश्न विचारतो: "भारीतलं देऊ की साधं?" या प्रश्नाला उत्तर देण्याआधी थोडं थांबलेलं बरं.

आधी भिंत कसली आहे ते बघा

नव्या इमारतींमध्ये सगळ्या भिंती सारख्या नसतात. कॉलम आणि बीम आरसीसीचे म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचे असतात, तर मधल्या भिंती विटांच्या किंवा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. लोक त्या ब्लॉकला 'सिपोरेक्स' म्हणतात.

विटांच्या भिंतीसाठी साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. यात दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटला बारीक हादरे देतात, जोर मात्र तुम्हालाच लावावा लागतो. एएसी ब्लॉकमध्ये हे हादरेही नकोत. हॅमरचं बटण बंद करून नुसतं फिरवून भोक पाडायचं, नाहीतर ब्लॉक भुसभुशीत होऊन रॉल प्लग सैल बसतो. खरी अडचण कॉलम-बीममध्ये येते. तिथे इम्पॅक्ट ड्रिल दाबून दाबून हात भरून येतो, बिट लाल होते आणि भोक अर्धा इंचही आत जात नाही. त्यासाठी रोटरी हॅमर लागतो. त्यात हवेच्या दाबावर चालणारा पिस्टन बिटच्या पाठीवर ठोके देतो, म्हणून माणसाला फारसा जोर लावावा लागत नाही. त्याची बिटही वेगळी, खाचा असलेली असते. दुकानात 'एसडीएस बिट' म्हणून मागा. भोक पाडताना मध्येच कडक काही लागलं तर ती बहुधा सळई असते. तिथे जोर न लावता भोकाची जागा थोडी सरकवायची.

घरी चारच भोकं पाडायची असतील आणि तीही बीममध्ये, तर मशीन विकत घेण्यात अर्थ नाही. कुणाकडून भाड्याने मिळत असेल तर घ्या किंवा इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे दुकानदार सांगणार नाही, सांगावं अशी अपेक्षाही नाही.

हातातली हत्यारं: दोन मिनिटांच्या परीक्षा

हॅंड टूल्सची मजा अशी की बहुतेकांची परीक्षा काउंटरवरच होते, तीही फुकट. ऑनलाइन खरेदीत नेमकी हीच सोय नसते.

पक्कड बंद करून उजेडाकडे धरा. टोकाशी दोन्ही जबडे एकमेकांना टेकलेले दिसले पाहिजेत. तिथून उजेड आरपार दिसत असेल तर ती बारीक तार धरणार नाही. मग उघडझाप करून बघा. सांधा घट्ट असला तरी चालेल, पण डावी-उजवीकडे हलता कामा नये.

गुण्या तपासायला कागद आणि पेन्सिल पुरे. कागदाच्या सरळ कडेला गुण्या लावून एक रेघ मारा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूवरून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर कोन खरोखर ९० अंशाचा आहे. वरच्या टोकाला रेघा फाकल्या तर तो गुण्या परत ठेवा. कपाटाचे दरवाजे वाकडे बसण्याची सुरुवात इथूनच होते.

स्पिरिट लेव्हलचंही तसंच. काउंटरवर ठेवून बुडबुडा कुठे थांबतो ते बघा, मग लेव्हल टोकाकडून टोकाकडे फिरवून त्याच जागी ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच बाजूला, तेवढाच सरकलेला दिसला तर लेव्हल बरोबर आणि काउंटर तिरका आहे. वेगवेगळ्या बाजूंना सरकला तर दोष लेव्हलचा.

मेजर टेपच्या बाबतीत उलटा गैरसमज आहे. टोकाचा पत्र्याचा हूक थोडा हलतो म्हणून अनेक जण टेप परत करतात. तो हूक मुद्दामच सैल ठेवलेला असतो आणि स्वतःच्या जाडीइतकाच सरकतो. बाहेरून अडकवून मोजताना तो ओढला जातो, भिंतीला टेकवून मोजताना आत सरकतो, म्हणून दोन्ही वेळा माप बरोबर येतं. हूक हलत नसेल तरच शंका घ्या.

अ‍ॅडजस्टेबल पान्याचा जबडा अर्धा उघडून हलवून बघा. तो लडबडत असेल तर नट गोल करणारच. करवतीचं पातं एका डोळ्याने लांबीला बघा, बाक लगेच कळतो. हातोडीचा लाकडी दांडा घेताना लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने जाताहेत का ते पाहा. आडव्या रेषांचा दांडा घावाला तुटतो.

आणि एक जिवाशी गाठ असलेली गोष्ट. पक्कड किंवा स्क्रू ड्रायव्हरला प्लास्टिकची मूठ आहे म्हणजे तो विजेच्या कामाला सुरक्षित आहे असं नाही. विजेच्या कामासाठी तपासून बनवलेल्या हत्याराच्या मुठीवर १००० व्होल्ट आणि दोन त्रिकोणांची खूण असते. ती नसेल तर ते हत्यार लाकडाच्या, नट-बोल्टच्या कामापुरतंच.

मशीन घेताना: "एकदा चालवून दाखवा"

पॉवर टूल खोक्यातून काढून, दुकानातल्या प्लगला लावून चालवून बघायलाच हवं. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. ड्रिलमध्ये लांब बिट लावायला सांगा आणि फिरताना टोकाकडे बघा. टोक भोवऱ्यासारखं डोलत असेल तर चक किंवा शाफ्ट वाकडा आहे. आवाज एकसारखा हवा, मध्येच खरखर नको. जाळीतून आत बारीक निळसर ठिणग्या दिसल्या तर घाबरू नका, कार्बन ब्रशच्या मोटरमध्ये त्या दिसतातच. मोठ्या, पिवळ्या, गोल फिरणाऱ्या ठिणग्या किंवा जळका वास आला तर मात्र मशीन बदलून मागा.

प्लगला दोनच पिना आहेत, अर्थिंग नाही, असं म्हणून काही जण मशीन नाकारतात. मशीनच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे आणि त्याला अर्थिंगची पिन लागत नाही.

वॅटचा आकडाही बघा, पण फक्त ताकदीसाठी नाही. घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे जेमतेम १,३८० वॅटचा. ६०० वॅटचं ड्रिल त्यावर आरामात चालतं. मार्बल कटर या मर्यादेच्या काठावर असतो आणि काँक्रीट फोडणारा ब्रेकर तर १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावायचा. बारीक वायरच्या एक्स्टेंशन बोर्डवर हे प्रयोग नकोत.

रोज काम करणाऱ्याने आणखी एक प्रश्न विचारावा: कार्बन ब्रश आणि आर्मेचर तुमच्याकडे मिळतं का, केवढ्याला? सुट्या भागांचं उत्तर देऊ न शकणाऱ्या दुकानातलं स्वस्त मशीन पुढे महाग पडतं.

ग्राइंडर: इथे चूक परवडत नाही

चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे मारतो. हिशेब केला तर चकतीची कड ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने फिरत असते. ती फुटली तर तुकडे त्याच वेगाने तोंडाकडे येतात. म्हणूनच चकतीवर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्तच असला पाहिजे. चार इंची चकतीवर तो साधारण १५,००० च्या पुढे असतो.

कटिंगच्या चकत्यांना मुदत असते हे फार कमी जणांना माहीत आहे. चांगल्या चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. राळेने चिकटवलेल्या या चकत्या ओल धरतात आणि कमजोर होतात. पनवेलचा पाऊस पाहता, दाराशी उघड्यावर लटकवलेल्या सुट्या चकत्या घेण्यात शहाणपण नाही. बंद पाकिटातली, तारीख असलेली चकती मागा. गार्ड काढून टाकलेला ग्राइंडर आणि त्याला लावलेलं लाकूड कापायचं दातेरी पातं, ही जोडी सुतारकामाच्या साइटवर सर्रास दिसते. पातं लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं. कितीही अनुभवी हात असला तरी ते आवरत नाही.

बॅटरीवरचे मोठे आकडे

'१८ व्होल्ट' आणि '२० व्होल्ट मॅक्स' या दोन्ही बॅटऱ्या एकच असतात. आत पाच सेल असतात. प्रत्येकी ३.६ व्होल्ट धरले तर १८, पूर्ण चार्ज झाल्यावर ४ धरले तर २०. स्वस्त मशीनवर मात्र '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असे आकडे दिसतात. तो व्होल्टेजचा आकडा नाही, ते नुसतं नाव आहे. विचारायचंच असेल तर किती अँपिअर-अवरची बॅटरी आहे आणि सुटी बॅटरी केवढ्याला मिळते, हे विचारा.

मग चांगला माल कुठला?

परदेशी नावापाठी धावायची गरज दर वेळी नसते. इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत हमखास सापडणारी टपारिया ही कंपनी नाशिकच्या सातपूरची. कानशींसाठी प्रसिद्ध असलेल्या जेके फाइल्सचे कारखाने रत्नागिरी आणि चिपळूणला. जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी अजून असलेलं रॅलीवूल्फ हे नाव मुलुंडचं. पण नाव जितकं चालतं, तितक्या त्याच्या नकला होतात. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर बदललेलं, रंग हुबेहूब. त्यामुळे खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर आहे का ते बघा. आयात मालावर मूळ देशाचं नावही हवं. वजनमाप कायद्याच्या २०११ च्या नियमांनुसार ही माहिती बंधनकारक आहे. मशीनवरचा सीरियल नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळला पाहिजे.

विचुंब्यात हवं ते मिळालं नाही तर नवीन पनवेल आणि पनवेल शहरातली दुकानं हाकेच्या अंतरावर आहेत. खूप सामान एकदम घ्यायचं असेल तर पनवेलहून हार्बरची लोकल पकडून मशीद स्टेशनला उतरा. तिथून नागदेवी स्ट्रीट चालत गाठता येते. हत्यारं आणि मशिनरीचा हा मुंबईतला जुना बाजार आहे. रविवार टाळा. पण एखाद-दुसऱ्या मशीनसाठी एवढा प्रवास करून वाचणारे पैसे आणि बिघाड झाल्यावर पुन्हा मारावी लागणारी फेरी, याचा हिशेब आधी मांडा. जवळच्या दुकानाला थोडे जास्त पैसे मोजले तरी ते बदलून देणाऱ्या माणसाचे असतात.

"बिल नको असेल तर कमी करतो"

या वाक्याला भुललात तर वॉरंटी गेली. पॉवर टूल्सना साधारण ६ महिने ते १ वर्ष वॉरंटी असते. ती मागताना तारीख असलेलं बिल लागतं, कार्ड असेल तर त्यावर दुकानाचा शिक्काही. कार्बन ब्रशसारखे झिजणारे भाग सहसा त्यात धरत नाहीत.

छोट्या दुकानाकडे जीएसटी नंबर नसला म्हणजे दुकानदार लबाड असं नाही. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. मात्र असा दुकानदार बिलात जीएसटी वेगळा लावू शकत नाही. साधं बिल त्याने द्यायलाच हवं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालापुढे टिकत नाही.

कारागिरांना अनेकदा सांगितलं जातं की धंद्यासाठी घेतलेल्या मशीनची ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही. हे अर्धसत्य आहे. स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा 'व्यावसायिक हेतू'त धरत नाही. म्हणजे स्वतःच्या हाताने काम करणारा सुतारही ग्राहकच आहे.

सुतार, लोहार, गवंडी अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजनाही आहे. पात्र कारागिराला हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांना कुणी या योजनेच्या नावाने फॉर्मचे पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

दुकानदार ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे विचुंबेकरांसाठी रायगडमध्ये. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. सोबत बिल जोडा आणि मशीनवरच्या सीरियल नंबरचा फोटो खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा. ग्राइंडरच्या धुळीत ती पट्टी महिन्याभरात वाचेनाशी होते.