नवस गावाचा, प्रेक्षक जगाचा

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात, म्युनिक महानगराच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर, आल्प्सच्या पायथ्याशी ओबरअमरगाऊ हे गाव वसलेले आहे. वस्ती सुमारे पाच हजारांची. लाकडावरील कोरीवकाम हा पिढीजात व्यवसाय. १६३३ साली प्लेगने गावातील अनेक माणसे नेली, तेव्हा उरलेल्यांनी नवस केला की, साथ थांबली तर दर दहा वर्षांनी प्रभू येशूच्या दुःखसहनाचे नाट्य करू. नवस म्हणजे काय, हे आपल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. १६३४ मध्ये पेंटेकॉस्टच्या सणाला पहिला प्रयोग झाला, तो चर्चलगतच्या दफनभूमीत, प्लेगने गेलेल्यांच्या थडग्यांवर मंच उभारून.

राजधानी जवळ असण्याचा लाभ गावाला पुष्कळ उशिरा झाला. जाच मात्र आधी सोसावा लागला. १७७० मध्ये म्युनिकच्या राजसत्तेने अशा सर्वच नाट्यांवर बंदी घातली. पुढे परवानगी मिळाली, पुन्हा नाकारली गेली. अखेरीस १८११ मध्ये जवळच्या एटाल मठातील बेनेडिक्टाइन धर्मगुरू ओथमार वाइस यांनी जुन्या पद्यनाट्यातील सैताने व रूपके वगळून नवी संहिता रचली. ती १८६० मध्ये गावाचे प्रमुख धर्मगुरू योसेफ आलोइस डाइझेनबर्गर यांनी सुधारली. धर्मग्रामाचा व्याप सांभाळून लिहिलेली ही संहिता शंभराहून अधिक वर्षे टिकली, याचे माझ्यासारख्याला कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिच्यात एक दोषही होता. त्याकडे आपण येऊच.

प्रेक्षक वाढले तसा दफनभूमीतील मंच अपुरा पडू लागला आणि १८३० मध्ये प्रयोग गावाबाहेरील कुरणावर गेला. १८८० मध्ये थॉमस कुकच्या प्रवासी कंपनीने इंग्रज यात्रेकरू आणले. १९०० मध्ये आगगाडी गावात पोहोचली आणि त्याच वर्षी चार हजारांवर प्रेक्षक बसतील असे प्रेक्षागृह उभे राहिले. प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर, नटांच्या डोक्यावर आकाश, मागे डोंगर!

म्युनिकमध्ये उत्तम नाट्यगृहांची वाण नाही. मग लोक डोंगराकडे कशासाठी येतात? जो माणूस सकाळी दुकान उघडतो तोच मंचावर पिलात होतो, यासाठी. गावात जन्मलेल्या किंवा वीस वर्षे राहिलेल्या माणसालाच भूमिका मिळते. प्रयोगाच्या आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून नटांनी केस व दाढी वाढवायची असते; रोमन शिपायांना तेवढी सूट. हा वीस वर्षांचा नियम काहींना हेकट वाटतो. मला तो शहाणपणाचा वाटतो. आगगाडी आली त्याच वर्षी म्युनिकचे धंदेवाईक नटही आले असते आणि नवस कोणाचा, हे विचारायला कोणी उरले नसते. मात्र विवाहित स्त्रियांना आणि पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना भूमिका नाकारण्याच्या प्रथेचे समर्थन कसे करणार? पुत्र वयाने मोठा आणि माता लहान, असा विचित्र योग मंचावर येई. १९९० मध्ये गावातील स्त्रियांनी न्यायालयात दाद मागून ही प्रथा मोडली.

आता त्या दोषाविषयी. संहितेत प्रभूच्या मृत्यूचा सारा भार यहुदी लोकांवर टाकला होता. हिटलर १९३० मध्ये हे नाट्य पाहून गेला, १९३४ च्या त्रिशताब्दी प्रयोगालाही आला, आणि त्याला ते आवडले, यातच सर्व आले. युद्धानंतर १९५० मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले ते जवळजवळ त्याच शब्दांत. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुदी समाजावरील तो आरोप स्पष्टपणे नाकारला, तरी गाव ढिम्म हलले नाही. तेव्हा १९७० मध्ये म्युनिकचे कार्डिनल डोफ्नर यांनी नाट्याला ख्रिस्तसभेची अधिकृत मान्यता देण्याचे नाकारले. अमेरिकेतील यहुदी संस्थांनी बहिष्कार पुकारला. १९७७ मध्ये अठराव्या शतकातील जुन्या संहितेचा प्रायोगिक प्रयोग करून पाहिला गेला. तिच्यात दोष यहुदी लोकांचा नव्हे, सैतानाचा होता. गावाने तीही स्वीकारली नाही. पूर्वजांच्या नवसाचा शब्दन् शब्द जपणे म्हणजेच नवस पाळणे, अशी त्यांची समजूत होती. वास्तविक १६३४ ची संहिता केव्हाच बदलली होती.

बदल घडवला तो गावच्याच एका तरुणाने. लाकूडकाम शिकलेला क्रिस्टियान श्टुकल १९९० पासून दिग्दर्शन करू लागला, आणि २००२ पासून म्युनिकच्या लोकनाट्यगृहाची धुराही त्याच्याकडे आली. त्याने गावकऱ्यांशी वर्षानुवर्षे वाद घातला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील, जमावाने प्रभूचे रक्त आपल्या मुलाबाळांवर ओढवून घेतल्याचे वाक्य २००० मध्ये वगळण्यात आले. पुढे प्रभू येशू मंचावर हिब्रू प्रार्थना म्हणू लागला. कोरोनाच्या साथीमुळे २०२० चा प्रयोग २०२२ वर गेला. साथीतून सुटका मागणारा नवस साथीमुळेच लांबणीवर पडला! त्या वर्षी सुमारे १८०० गावकरी मंचावर व मंचामागे राबले आणि चार लाखांहून अधिक लोकांनी नाट्य पाहिले. यूदाची भूमिका गावातच वाढलेल्या एका तुर्की वंशाच्या मुस्लिम तरुणाने केली. वीस वर्षांच्या नियमात तो चपखल बसत होता.