सुरतचा प्लेग आणि डीएनएची साक्ष

सप्टेंबर १९९४. बाप्पांचे विसर्जन होऊन चार दिवसही झाले नव्हते, तोच सुरतेत प्लेगची बातमी पसरली. लाखो माणसे शहर सोडून गेली. पण हा खरोखर प्लेगच का, यावर तज्ज्ञांत वाद झाला.

डीएनएच्या दोन धाग्यांत ‘ए’समोर ‘टी’ आणि ‘जी’समोर ‘सी’ असतो. पीसीआर तंत्रात उष्णतेने धागे सुटे करून प्रत्येकावर नवा जोडीदार बांधतात. दर फेरीत प्रती दुप्पट होतात. ३० फेऱ्यांत एका तुकड्याच्या शंभर कोटींहून अधिक. सुरत आणि बीडच्या रुग्णांकडून मिळालेले जंतू अशा रेणवीय पद्धतींनी तपासले गेले. १९९६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापून आला: प्लेगच!

दरम्यान १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांनी शहर स्वच्छ केले. ते तसे राखणे आपल्याकडे आहे.