गांवचें दप्तर

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पोखर्णी हें गांव नृसिंहाच्या देवस्थानामुळें मराठवाड्यांत सर्वतोमुखीं झालेलें आहे. यात्रेकरू देवळाकडे वळतो. आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांचें लक्ष मात्र अशा गांवीं चावडीकडे जातें.

हा मुलूख निजामाच्या राज्यांतला. 1853 त पहिले सालारजंग दिवाण झाले, त्यापूर्वीं महसूल मक्त्यानें देण्याची वहिवाट होती. ठरलेली रक्कम सरकारांत भरावी, वर निघेल तें मक्तेदाराचें. सालारजंगांनीं ही रीत मोडीत काढली, 1865 त जिल्हाबंदी करून पगारी अंमलदार नेमले. सुधारणा मोठी खरी. परंतु ती तालुक्याच्या कचेरीशीं येऊन थांबली. तिच्याखालीं पाटील-पटवाऱ्यांचीं वतनें पिढीजात चालूच राहिलीं. कचेरीची भाषा प्रथम फारशी, पुढें उर्दू, कुणब्याची मराठी. स्वतःच्याच जमिनीचा हुकूम कुणब्यानें दुसऱ्याकडून वाचून घ्यावयाचा! पटवारी रयतेस जबाबदार नव्हता. मात्र शिवारांतला बांध न्‌ बांध त्यास तोंडपाठ असे, आणि ही गोष्ट थोडी नव्हे.

सप्टेंबर 1948 त निजामाची सत्ता संपली. 1956 त मराठवाडा मुंबई राज्यांत आला. पुढें वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींस अनुसरून 1961 चा कायदा झाला व 1 मे 1962 रोजीं जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सत्ता गांवाकडे आली असें आपण म्हणतों. पण खरें बळ मिळालें तें जिल्ह्याच्या संस्थेस. ग्रामपंचायतीच्या हातीं घरपट्टी, पाणीपट्टी अशीं बेताचींच साधनें आलीं, आणि पट्टी वसूल करावयाची ती सरपंचानें आपल्याच भावकीकडून. निवडणूक तोंडावर असतां थकबाकीदार चुलत्याच्या दारीं जप्ती नेणारा सरपंच आम्हांस तरी पाहावयास मिळालेला नाहीं. पोखर्णीसारख्या देवस्थानाच्या गांवीं तर जत्रेच्या दिवशीं पाणी व झाडलोट लागते बाहेरच्या हजारों माणसांस. पट्टी भरणारीं घरें मात्र गांवचींच.

1993 त अमलांत आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींस घटनेचें अधिष्ठान दिलें, निवडणुका नियमित केल्या, स्त्रियांस जागा राखल्या. हें सारें इष्टच. परंतु दप्तर लिहितो तो जिल्हा परिषदेचा नोकर. त्याची बदली व्हावयाची, आणि पुष्कळदां एकट्याकडे दोन-तीन गांवें. त्यास बांध कोठून ठाऊक असणार?

मागें एका गांवीं आम्हीं पाणीपट्टीचा जुना ठराव पाहावयास मागितला. शिपायानें आदरानें खुर्ची दिली, चहा मागविला, आणि मग सांगितलें, "कपाटाची किल्ली साहेबांजवळ, साहेब आज दुसऱ्या गांवीं." सरपंचबाई शेजारींच बसल्या होत्या. त्यांनींही तो ठराव अद्याप पाहिलेला नव्हता.