सोन्याला चिकटलेला दगड

संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत ‘सॅम्पल तयार करणे’ हा भाग दीड-दोन पानांत उरकलेला असतो. आज त्याच्यावरच बोलू, पण इतिहासातून.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया भागात मोलियागुल नावाचं गाव आहे. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोन खाणकामगारांना तिथे एका झाडाच्या मुळाशी, जेमतेम इंचभर मातीखाली, सोन्याचा प्रचंड गोळा सापडला. हाच तो पुढे गाजलेला ‘वेलकम स्ट्रेंजर’. गोळ्याला गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, चिकटलेली होती. बँक सोन्याचे पैसे देते, दगडाचे नाही. म्हणून दोघांनी गोळा घरी नेऊन कित्येक तास चक्क आगीत भाजला.

ही अडाणी युक्ती समजू नका. क्वार्ट्झ ५७३ अंश सेल्सिअसला आपली स्फटिकरचना बदलतो, एकदम फुगतो आणि तडकतो. सोनं वितळायला मात्र हजाराच्या वर, सुमारे १०६४ अंश लागतात. या दोन आकड्यांमधल्या फटीत खाणकामगारांचं सगळं काम बसतं. तडकलेली गार ठोकून काढली की सोनं शिल्लक. मग डनॉलीला बँकेत गेले, तर तिथल्या तराजूवर गोळा मावेना. शेवटी लोहाराच्या ऐरणीवर त्याचे तुकडे केले. सुमारे ७२ किलो भरला. नऊ हजार पौंडांहून जास्त पैसे मिळाले आणि सोनं वितळवलं गेलं. फोटो एकही नाही. आज संग्रहालयांत दिसतात त्या प्रतिकृती नंतर काढलेल्या चित्रांवरून केलेल्या आहेत.

आता तुम्ही म्हणाल, त्यांचं सोनं, त्यांनी विकलं, बिघडलं काय? त्यांचं काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते एका प्रश्नाचं. एवढे मोठे गोळे येतात कुठून? खोल शिरांमध्ये तयार होऊन, दगड झिजल्यावर बाहेर पडतात, की मातीतल्या पाण्यात विरघळलेलं सोनं थरावर थर साचून जागेवरच वाढतात? त्या काळात दोन्ही मतांचे लोक होते. आणि उत्तराचा मोठा भाग, गंमत बघा, त्या टाकून दिलेल्या गारेतच होता. क्वार्ट्झ वाढताना त्यात द्रवाचे सूक्ष्म थेंब अडकतात. त्यांच्यावरून स्फटिक किती तापमानाला तयार झाला याचा अंदाज बांधता येतो, हे हेन्री सॉर्बी यांनी १८५८ मध्येच छापलं होतं. म्हणजे मोलियागुलच्या आगीच्या अकरा वर्षं आधी! भाजताना असे थेंब फुटतात. शिवाय सोनं इतकं तापलं की त्याच्या आतले स्फटिककण नव्याने जुळतात, मूळ मांडणी पुसली जाते.

१८९० च्या दशकात सिडनी विद्यापीठातल्या आर्चिबाल्ड लिव्हरसिज यांनी उलट वाट धरली. नगेट कापायचे, पॉलिश करायचे, रसायनाने पृष्ठभाग थोडा खाऊ द्यायचा आणि आतली स्फटिकरचना बघायची. नगेट मुळात शिरांमधूनच येतात, असं त्यांचं मत पडलं. तरी वाद मिटला नाही. २००७ मध्ये सीएसआयआरओच्या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातले नगेट आधुनिक सूक्ष्मदर्शकांखाली तपासले आणि आतली चांदी व कणांची रचना बघून खोलातल्या उगमाच्याच बाजूने कौल दिला. न भाजलेले, न वितळवलेले नमुने कुणीतरी ठेवले होते म्हणून हे जमलं.

आज गार काढायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात. ते सिलिका विरघळवतं, सोन्याला हातही लावत नाही. नाजूक तारा आणि पानं जशीच्या तशी मोकळी होतात. दिसायला अप्रतिम. पण काच खाणारं हे आम्ल कातडीतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला धरतं, आणि सौम्य असेल तर भाजलेलं सुरुवातीला कळतही नाही. प्रशिक्षण, फ्यूम हूड आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर बाटलीचं झाकण उघडू नका. घरी तर नावच काढू नका. भोवती कॅल्साइट असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने भागतं. वरचा लोखंडाचा तांबूस थर अनेकजण ऑक्झॅलिक आम्लाने उतरवतात. माझ्या मते तो निदान एका बाजूला तरी राहू द्यावा, कारण नमुना जमिनीत कसा पडून होता हे तोच सांगतो.

तेव्हा सॅम्पल हातात आलं की आधी फोटो, मग वजन, मग दगडासकट एक तुकडा वेगळा काढून डबीत. त्यानंतर आम्ल. आणि कुठलं आम्ल, किती तास, कुठल्या तारखेला, हे त्याच दिवशी वहीत. डीसन-ओट्स यांना बँकेची घाई होती. तुम्हाला गाईडची असेल.