पोटातली झेडलिब

‘या आर-सिंकला बाहेरची झेडलिब जोडली आहे, म्हणून जुन्या पद्धतीचं कॉम्प्रेशन जमणार नाही, -झेडझेड वापरून पाहा,’ अशा अर्थाचा निरोप पडद्यावर आला की नवखे वैतागतात. मी सर्व्हर सांभाळतो, रोज रात्री बॅकअप आर-सिंकवरच चालतात. मला मात्र हा निरोप फार प्रामाणिक वाटतो.

आर-सिंक हे दोन यंत्रांमधल्या फाइली सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर, 1996 मधलं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते लिहिलं. त्याची युक्ती अशी: फाइलचे जे तुकडे पलीकडे आधीच आहेत, ते पाठवायचेच नाहीत. फक्त नवा मजकूर पाठवायचा. हा मजकूर दाबून बारीक करायला झेडलिब ही लायब्ररी तयार होतीच. जाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांची, 1995 ची.

आता गंमत अशी, की झेडलिब मागच्या 32 किलोबाइटमध्ये तोच मजकूर सापडतो का ते बघते आणि सापडला तर नुसती खूण लिहिते. मग न पाठवलेले तुकडेही तिला दाखवले तर? ते दोन्ही टोकांना आहेतच, खुणा आणखी सापडतील. पण ‘वाच, लक्षात ठेव, लिहू मात्र नकोस’ असं सांगायची सोय झेडलिबमध्ये नव्हती. म्हणून आर-सिंकनं तिची प्रत स्वतःच्या सोर्समध्ये घेतली आणि ती सोय घुसडली. परवान्याची हरकत नव्हती. बदल केला आहे हे स्पष्ट सांगितलं की झालं. अशी प्रत घेण्याला आळशीपणा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

किंमत मात्र होती. मार्च 2002 मध्ये एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याची चूक झेडलिबमध्ये सापडली. 1.1.4 आवृत्तीत ती दुरुस्त झाली, पण जिच्या प्रती कितीतरी प्रोग्रॅमांच्या पोटात, तिचा पॅच लावायचा तरी कुठे कुठे? अशा प्रती नकोत, सगळ्यांनी सिस्टिमची एकच लायब्ररी वापरावी, असं डेबियन या लिनक्स वितरणाचं धोरणच सांगतं. पण आर-सिंकची प्रत सरळ काढता येईना. वाढवलेली सोय दोन यंत्रांमधल्या बोलण्याचा भाग झाली होती; एका टोकाला मूळ झेडलिब आणि दुसऱ्या टोकाला बदललेली असली, की फाइल मध्येच अडकायची.

तोडगा 2014 च्या 3.1.1 आवृत्तीत निघाला: -झेडझेड हा पर्याय. जुळलेले तुकडे झेडलिबला दाखवायचेच नाहीत. थोडं कॉम्प्रेशन गेलं, पण मूळ लायब्ररी चालू लागली. तोवर आर-सिंकची धुरा वेन डेव्हिसन यांच्याकडे आली होती. 2020 मध्ये 3.2.0 आली आणि कोणती पद्धत वापरायची हे दोन्ही टोकं आपसांत ठरवू लागली. -झेडझेडच्या पद्धतीला झेडलिबएक्स हे नाव मिळालं, शिवाय झेड-स्टँडर्ड आणि एलझेड-फोर या पद्धतीही आल्या.

जुनी प्रत सोर्समध्ये अजून आहे. जुन्या आर-सिंकवर चालणाऱ्या यंत्रांशी कुणाला तरी बोलावं लागतंच.