मोटारींतील ठिणगी आणि तिची वेळ

वसईचें नांव निघालें कीं मराठी वाचकास १७३९ सालचा वेढा आठवतो. त्या वेढ्याच्या अखेरीस मराठ्यांनीं किल्ल्याच्या तटाखालीं सुरुंग पेरले. त्यांपैकीं कांहीं वेळेवर उडाले, तटास खिंडार पडलें, आणि आपले लोक खिंडारावर चढून जात असतां मागें राहिलेला सुरुंग उडून हल्ला करणारेच त्यांत सांपडले. दारू तीच होती. ठिणगी पोंचण्यास उशीर झाला, एवढेंच. पुढें त्याच मे महिन्यांत किल्ला चिमाजीअप्पांच्या हातीं आला, ही गोष्ट निराळी. परंतु स्फोट घडवून आणणें एक आणि तो नेमक्या क्षणीं घडवून आणणें दुसरें, हा भेद त्या खिंडारांत जितका स्पष्ट दिसला तितका क्वचितच दिसला असेल. पुढें सुमारें दीडशें वर्षांनीं युरोपांतील मोटार बनविणारांपुढें हाच प्रश्न अगदीं लहान प्रमाणावर, पण मिनिटास हजारों वेळां उभा राहिला. तो ज्या यंत्रानें सोडविला, त्या डिस्ट्रिब्यूटरची हकीकत येथें सांगावयाची आहे. १९२८ पासून २०२३ पर्यंत मुंबई व तिच्या उत्तरेकडील वसई-विरारचा पट्टा येथील कारागिरांचें बरेंचसें कौशल्य या वाटीएवढ्या वस्तूभोंवतीं फिरत राहिलें, आणि तरीहि त्याची नोंद मराठींत जवळजवळ झालीच नाहीं.

पेट्रोलच्या एंजिनांत प्रत्येक नळकांड्यांतील वायु दाबला गेल्यावर ठिणगी पडावयास हवी. ती लौकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यासच उलट तडाखा बसतो. उशिरां पडली तर निम्मी शक्ति धुरावाटे फुकट जाते. कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं आपल्या गाडीचें पेटंट घेतलें तेव्हां तिला एकच नळकांडें होतें. म्हणून ठिणगी कोणत्या नळकांड्यास द्यावयाची, हा प्रश्नच नव्हता. नळकांडीं चार झालीं आणि वांटणीचा प्रश्न आला. जर्मनींत रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यानें १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडींत चार नळकांड्यांस चार वेगळ्या कॉईल होत्या, आणि ठिणगी लौकर पाडावयाची कीं उशिरां, हें चालक सुकाणूखालच्या दांडीनें स्वतः ठरवीत असे. दांडी मागें घेण्याचें विसरून हँडल मारणाराचें मनगट मोडण्याचे प्रसंग त्या काळीं विरळा नव्हते.

हें काम मनुष्याच्या हातून काढून यंत्राकडे देण्याचें श्रेय मुख्यतः चार्ल्स केटरिंग या अमेरिकन एंजिनियराकडे जातें. ओहायो संस्थानांतील डेटन गांवीं त्यानें १९०९ सालीं ‘डेल्को’ नांवाची कंपनी काढली. बॅटरी, एकच कॉईल आणि वांटणी करणारें फिरतें यंत्र अशी त्याची योजना १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत बसली. स्पेन व इराण या देशांत आजहि या यंत्रास कारागीर ‘डेल्को’ असेंच म्हणतात. कंपनीच्या नांवाचें सामान्यनाम होणें, याहून मोठें स्मारक कारखानदारास कोणतें मिळणार!

यंत्राची रचना सांगावयास सोपी आहे. मध्यें एक दांडा. तो एंजिनाच्या निम्म्या वेगानें फिरतो. त्याच्या चौकोनी उंचवट्यांनीं दोन बारीक धातूचे ठिपके, म्हणजे कारागिरांच्या भाषेंतील ‘पॉइंट’, उघडतात आणि मिटतात. मिटलेल्या स्थितींत बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉईलमध्यें चुंबकत्व सांठवितो. पॉइंट उघडले कीं तें एकदम ढासळतें, आणि कॉईलच्या दुसऱ्या, हजारों वेढ्यांच्या तारेंत दहा-पंधरा हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. दांड्याच्या माथ्यावरचा रोटर तो दाब टोपणांतील चार खुंट्यांस पाळीपाळीनें वांटतो. मिनिटास तीन हजार फेरे करणाऱ्या चार नळकांड्यांच्या एंजिनांत सेकंदास शंभर ठिणग्या पडतात. इतक्या वेळां पॉइंट उघडतात आणि मिटतात, आणि त्यांमधील अंतर असतें जेमतेम अर्धा मिलिमीटर.

मुंबईंत जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं शिवडीस मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. केटरिंगची डेल्को तोंपर्यंत त्याच कंपनींत सामील झालेली असल्यामुळें तिचें यंत्र येथील कारागिरांच्या हातीं फार लौकर आलें. परंतु जुळविणें वेगळें आणि बनविणें वेगळें. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट ११०० आली आणि १९७४ च्या सुमारास तिचेंच नांव पद्मिनी झालें. मद्रासेजवळ पाडी येथें १९६१ सालीं निघालेल्या लूकस-टीव्हीएसनें मोटारींचें विजेचें सामान देशांत बनविण्यास आरंभ केला. आयातीवर बंधनें, गाड्यांची टंचाई, आणि एकच नमुना तीस-चाळीस वर्षें चालू, अशा त्या स्थितीची निंदा पुष्कळांनीं केली आहे, व ती योग्यच आहे. मात्र तिचा एक परिणाम दृष्टीआड होतो. एकच यंत्र दोन पिढ्या हातांत राहिल्यानें त्याच्या दुरुस्तीची एक पक्की विद्या तयार झाली.

या विद्येची कसोटी वसईच्या पट्ट्यांत विशेष लागे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी, मध्यें मिठागरें. खारा वारा वर्षभर प्रत्येक वस्तूवर मिठाचा सूक्ष्म थर चढवितो. कोरडें मीठ वीज वाहूं देत नाहीं, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत गाडी बिनतक्रार चालते. जूनच्या पहिल्या सरीबरोबर हवा दमट झाली कीं तोच थर ओलावून वाहक बनतो आणि ठिणगी प्लगाकडे जाण्याऐवजीं टोपणाच्या पृष्ठभागावरून पळून जाते. रात्रीं चांगली आलेली गाडी सकाळीं जागची हलत नाहीं. मालक पेट्रोल तपासतो. कसबी कारागीर प्रथम टोपण पाहतो.

त्याची तपासणीची रीति लक्षांत घेण्यासारखी आहे. कॉईलकडून टोपणाच्या मध्यभागीं येणारी जाड तार तो काढतो, तिचें टोंक एंजिनाच्या लोखंडापासून पावएक इंचावर कोरड्या रबरी आवरणानें धरतो, आणि एंजिन फिरवावयास सांगतो. निळसर, कडकडणारी ठिणगी पडली तर दोष पुढें आहे: टोपण, रोटर, प्लगाच्या तारा किंवा प्लग. न पडली तर दोष मागें आहे: पॉइंट, कंडेन्सर, कॉईल किंवा बॅटरीची तार. एका प्रश्नानें निम्मीं कारणें बाद! इतिहाससंशोधक दोन बखरी समोर ठेवून कोणती आधींची हें ठरवितो, त्याहून ही पद्धत कमी शास्त्रशुद्ध आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

दोष पुढें असेल तर टोपण पुसून उजेडांत धरावयाचें. आंतल्या बाजूस दोन खुंट्यांमध्यें केसासारखी काळी रेघ दिसली, तर ती ठिणगीनें जाळून काढलेली कोळशाची वाट समजावी. ती खरवडून गाडी घरापर्यंत जाते. पण टोपण बदलण्यावांचून इलाज नसतो. मध्यभागींचा कोळशाचा लहानसा तुकडा झिजला किंवा अडकला असेल, तेंहि येथेंच उघडकीस येतें. दोष मागें असेल तर पॉइंट पाहावे. त्यांचीं तोंडें निळसर जळलेलीं असलीं तर दोष बहुधा पॉइंटचा नसून कंडेन्सरचा असतो. नवे पॉइंट बसवून पैसे घेणारा आणि दहा दिवसांनीं पुन्हां तीच तक्रार ऐकणारा, तो कच्चा कारागीर. पक्का कारागीर पॉइंट घासून दोहोंमधील अंतर आधीं लावतो आणि वेळ मागाहून, कारण अंतर वाढलें कीं पॉइंट लौकर उघडतात आणि वेळ आपोआप पुढें सरकते. वेळ लावण्यास त्याला एक बारा व्होल्टचा दिवा पुरतो. दिव्याची एक तार पॉइंटच्या खुंटीस आणि दुसरी लोखंडास लावून, चाकावरची खूण ठरल्या जागीं आणून, तो डिस्ट्रिब्यूटरचें अंग हळूहळू फिरवितो. ज्या क्षणीं दिवा लागतो त्या क्षणीं पॉइंट उघडले. तेथेंच बोल्ट आवळावयाचा. पुढें तारा एक, तीन, चार, दोन या क्रमानें लावल्या कीं काम संपलें. दोन तारांची अदलाबदल झाली तर एंजिन खोकतें आणि सारा रस्ता वळून पाहतो.

‘गाडी मिसिंग करते’, ‘टायमिंग हललें आहे’, ‘करंट येत नाहीं’ हीं वाक्यें आमच्या गॅरेजांत रोज बोललीं जात. त्यांतील शब्द इंग्रजी आहेत म्हणून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. वाक्यें मराठींच आहेत. मात्र तीं बोलणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं आपली विद्या कागदावर उतरविली. ती एका हातानें दुसऱ्या हातास दिली, आणि मधला हात सुटला कीं संपली. सुतारकाम, कासारकाम यांची शब्दसंपत्ति गोळा करण्यास विद्वान् पुढें आले. या कामाची गोळा करण्यास कोणी आलें नाहीं, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें.

जुन्या टॅक्सींत पुढें सीएनजी आला. हा वायु पेट्रोलपेक्षां कष्टानें पेटत असल्यानें त्यास अधिक दाबाची ठिणगी लागते. पेट्रोलवर खपून जाणारें थकलेलें टोपण त्यावर खपत नाहीं. म्हणून डिस्ट्रिब्यूटरच्या अखेरच्या वर्षांत त्याची निगा उलट अधिक काटेकोर ठेवावी लागली. अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकांतच पॉइंटांची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेनें घेतली होती. आपल्याकडे धुराचे नियम कडक झाल्यावर ती आली, आणि पाठोपाठ प्रत्येक प्लगावर वेगळी कॉईल येऊन डिस्ट्रिब्यूटरच नाहींसा झाला. हवेच्या दृष्टीनें हा बदल इष्टच होता. पण नव्या गाडीचा दोष यंत्र लावून वाचावा लागतो. टोपण उघडून उजेडांत धरण्याजोगें तींत कांहीं उरलें नाहीं.

मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरांत संपली. खासगी मालकांकडे ज्या थोड्या पद्मिनी उरल्या आहेत, त्यांपैकीं कांहींच्या टोपणाखालीं आतां पॉइंटांऐवजीं इलेक्ट्रॉनिक चकती बसविलेली असते. ती बिघडली तर दुरुस्त होत नाहीं. म्हणून सावध मालक जुने पॉइंट, कंडेन्सर आणि एक पेंचकस कापडांत गुंडाळून डिकींत ठेवतात.